साडेतीन मिनिटांना एक टिपर: अमरावती-अकोला महामार्गावरच्या पेव्हरचा हिशेब

जून २०२२ च्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान, एक लांबच लांब डांबरी पट्टा टाकला गेला. ३ जूनला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी काम सुरू झाले आणि ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता संपले. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची एक लेन बिटुमिनस काँक्रीटने, म्हणजे खडी आणि डांबर मिसळून केलेल्या गरम मालाने, पूर्ण झाली. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणासाठी राजपथ इन्फ्राकॉनने केलेल्या या कामाची गिनीजमध्ये नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता: फेब्रुवारी २०१९, २५.२७५ किलोमीटर, दहा दिवस.

विक्रमाचे कौतुक तेव्हा भरपूर झाले. ते बाजूला ठेवून या कामाचे आकडे एका वेगळ्याच कारणासाठी वाचण्यासारखे आहेत. पेव्हरची, म्हणजे हा माल रस्त्यावर सारख्या थरात पसरणाऱ्या यंत्राची, तयारी कशी करायची आणि तो चालू असताना त्याच्या आजूबाजूची माणसे धडधाकट कशी राहतील, हे या आकड्यांतून फार स्पष्ट दिसते. रोज दोन-चारशे मीटर पुढे सरकणाऱ्या कामात ज्या सवयी खपून जातात, त्या एवढ्या मोठ्या कामात खपत नाहीत. पुढे जे लिहिले आहे ते या आकड्यांवरून मांडलेले गणित आणि यंत्राचा स्वभाव आहे. त्या साइटची रोजनिशी नव्हे.

भागाकार करून पाहा

एकूण माल लागला ३६,६३४ टन, त्यात डांबर २,०७० टन. म्हणजे मालात डांबराचे प्रमाण सुमारे ५.६५ टक्के. ३६,६३४ टनांना ७५ किलोमीटरने भागले की दर मीटरला साधारण ४८८ किलो येतात. तासांनी भागले तर ताशी ३४७ टन. आणि लांबीला वेळेने भागले तर मिनिटाला जवळजवळ १२ मीटर. आपल्याकडच्या नेहमीच्या कामात पेव्हर मिनिटाला ३ ते ६ मीटरने चालतो, हे लक्षात घेतले म्हणजे या वेगाची कल्पना येते.

आता खरा आकडा. एका दहाचाकी टिपरमध्ये २० टन माल धरा. ३६,६३४ टनांसाठी १,८३० च्या वर खेपा होतात, म्हणजे सरासरी साडेतीन मिनिटांना एक टिपर रिकामा. प्रत्येक टिपर पेव्हरच्या पुढे येतो, वळतो, रिव्हर्स घेतो, हॉपरला, म्हणजे पेव्हरच्या पुढच्या माल घेणाऱ्या पात्राला, लागतो, हौदा वर उचलतो, रिकामा होतो आणि निघून जातो. दर साडेतीन मिनिटांना, दिवसा आणि रात्री, चार रात्री.

पेव्हरच्या सुरक्षेबद्दल बोलताना लोक बहुतेक वेळा यंत्राबद्दलच बोलतात: माल पसरवणाऱ्या फिरत्या ऑगरमध्ये हात जाणे, थर सपाट करणाऱ्या तापलेल्या स्क्रीडचा चटका, ती तापवणाऱ्या गॅसचा भडका. ते धोके खरेच आहेत. पण यंत्र एका जागी, संथ, सगळ्यांच्या नजरेसमोर असते. त्याच्यापुढे शंभर फुटांत जे चालते ते बदलते, वेगवान आणि अर्धे आंधळे असते. माझ्या मते पेव्हरच्या कामातला सर्वांत मोठा धोका टिपर बदलतानाच्या त्या अर्ध्या मिनिटात आहे. आणि गंमत अशी की रस्त्याच्या पृष्ठभागातले बहुतेक दोषही त्याच अर्ध्या मिनिटात जन्माला येतात.

स्क्रीड तरंगते

हे समजायला यंत्र थोडे आतून पाहावे लागते. पेव्हरचे दोन भाग असतात. पुढचा ट्रॅक्टर: इंजिन, हॉपर, हॉपरमधून माल मागे नेणारा कन्व्हेयर आणि तो रुंदीभर पसरवणारे ऑगर. मागची स्क्रीड: तापलेल्या पोलादी पट्ट्यांचा जड साचा, ज्यात माल ठोकणारा टॅम्पर आणि तो हादरवून बसवणारा व्हायब्रेटर असतात. स्क्रीड ट्रॅक्टरला पक्की बसवलेली नसते. दोन लांब बाहूंनी ती ओढली जाते आणि मालावर तरंगते. पाण्यावर ओढल्या जाणाऱ्या फळीसारखी ती आपली उंची स्वतः शोधते: वेग, पुढच्या मालाचा ढीग, पट्ट्यांचा कोन आणि टॅम्परचा मार यांच्या समतोलातून.

म्हणून या चारपैकी काहीही बदलले की उंची बदलते. ऑगरपुढचा माल वाढला की स्क्रीड चढते, कमी झाला की बसते. माल ऑगरच्या दांड्याच्या साधारण निम्म्यापर्यंत आणि सतत तेवढाच राहिला पाहिजे, हा नियम त्यासाठीच आहे. कोन बदलल्यावर नवी जाडी लगेच मिळत नाही. ओढणाऱ्या बाहूच्या पाचेक लांबींइतके अंतर पुढे गेल्यावर ती पूर्ण स्थिरावते. नवखा स्क्रीडवाला दर दोन मीटरला जाडी मोजायची सळई (डेप्थस्टिक) खुपसतो आणि लगेच कोन बदलणारे चाक फिरवतो. आधीच्या बदलाचा परिणाम दिसण्याआधीच पुढचा बदल झालेला असतो, आणि रस्ता लाटालाटांचा होतो. अनुभवी माणूस हात खिशात घालून चालतो असे साइटवर गमतीने म्हणतात. त्यात तथ्य आहे.

पेव्हर थांबला की काय होते तेही यातच आले. स्क्रीड थांबल्या जागी किंचित खाली बसते, तिच्याखालचा आणि ऑगरमधला माल थंड होतो, पुन्हा निघताना ती वर उचलली जाते. रोलर फिरल्यावरही तिथे एक आडवा उंचवटा राहतो, जो गाडी चालवणाऱ्याला पुढची दहा वर्षे कळत राहतो. अधूनमधून थांबणारा पेव्हर वाईट रस्ता करतो, मग यंत्र कितीही नवे असो.

पहिला टिपर येण्याआधी

तयारीचे काम पहिल्या टिपरच्या निदान तासभर आधी सुरू व्हावे लागते, आणि ते थंड यंत्रापासून सुरू होते. आधी यंत्राभोवती एक फेरी. हायड्रॉलिक होजेसवर ओल आहे का, ऑगर आणि कन्व्हेयरवरची झाकणे जागेवर आहेत का, स्क्रीडच्या मागचे चालण्याचे फळे आणि पायऱ्या तेलकट आहेत का, हॉपरच्या पंखांचे आणि स्क्रीडचे लॉक नीट बसतात का. इमर्जन्सी स्टॉपची बटणे नुसती मोजायची नाहीत, प्रत्येक दाबून इंजिन खरेच बंद पडते का पाहायचे. ती बहुतेक यंत्रांवर स्क्रीडच्या दोन्ही टोकांनाही असतात, आणि वर्षानुवर्षे वाळलेल्या डांबराखाली गाडलेली सापडतात.

स्क्रीड गॅसवर तापणारी असेल तर सिलिंडर उभे आणि बांधलेले, नळ्यांच्या सांध्यांना साबणाचे पाणी लावून गळती पाहिलेली, अग्निशामक हाताशी. बर्नर पेटल्याची खात्री झाल्याशिवाय गॅस सोडून ठेवायचा नाही. पहिल्यांदा पेटला नाही तर गॅस बंद करून वारा खेळू द्यायचा, मग दुसरा प्रयत्न. स्क्रीडचे तापमान मालाच्या जवळपास यायला वीस ते तीस मिनिटे लागतात. थंड स्क्रीडला माल चिकटतो आणि पृष्ठभाग ओरबाडला जातो. गरजेपेक्षा जास्त तापवली तर पट्ट्या वाकतात, म्हणून चालू कामात माल स्वतःच तिला गरम ठेवतो आणि बर्नर बंद असतात.

एका जुन्या सवयीबद्दल बोलायलाच हवे. हॉपर, ऑगर, टिपरचा हौदा, फावडी यांना माल चिकटू नये म्हणून डिझेल फवारतात. स्वस्त आहे आणि सापडते म्हणून. डिझेल डांबर पातळ करते. जिथे ते ठिबकते तिथे रस्ता पुढे उखडतो. आणि बर्नरच्या शेजारी डिझेलची वाफ म्हणजे काय ते सांगायला नको. साबणाचे पाणी किंवा त्यासाठीच मिळणारे द्रव वापरावे. डिझेल भरायचे असेल तर बर्नर बंद, इंजिन बंद. शंभर तास चालणाऱ्या कामात इंधन भरायची वेळ अनेकदा येणार, ती आधीच ठरवलेली असली की कोणी चालू यंत्रावर कॅन घेऊन चढत नाही.

मग सुरुवातीची उंची. ४० मिलिमीटरचा घट्ट थर हवा असेल तर पेव्हरमागे सुट्टा माल ४८ ते ५० मिलिमीटर लागतो, कारण रोलरखाली तो पाचव्या हिश्श्याच्या आसपास दबतो. स्क्रीड तेवढ्या जाडीच्या फळ्यांवर ठेवायची, बाहू सैल करून ती पूर्ण टेकू द्यायची, मग थोडा कोन द्यायचा. फळ्या ठेवायचा कंटाळा केला तर पहिले पंधरा-वीस मीटर हमखास वाया जातात. सुरुवातीचा सांधा वाईट असतो असे आपण गृहीतच धरले आहे. तो वाईट असण्याचे काही कारण नाही.

खालचा पृष्ठभाग झाडलेला, टॅक कोट, म्हणजे नवा थर चिकटावा म्हणून पाण्यात मिसळलेल्या डांबराचा (इमल्शनचा) पातळ हात, मारलेला आणि तो काळा पडेपर्यंत थांबलेले. इमल्शन तपकिरी असतानाच टिपर त्यावरून गेले तर चाकांना लागून निम्मा कोट निघून जातो. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशांप्रमाणे व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल टाकताना किमान १४० अंश सेल्सियस हवा, व्हीजी-४० चा १५०. प्रत्येक टिपरचे तापमान मापून चिठ्ठीवर लिहायचे, आणि थंड माल परत पाठवायची हिंमत सुपरवायझरला द्यायची. ही हिंमत यंत्राबरोबर येत नाही.

हॉपरसमोरचा माणूस

टिपर लावण्याची योग्य रीत अशी. टिपर रिव्हर्स घेत पेव्हरपासून हातभर अंतरावर थांबतो आणि गिअर न्यूट्रल करतो. मग पेव्हर पुढे येऊन आपल्या रोलर्सनी त्याच्या चाकांना लागतो आणि त्याला ढकलत नेतो. लागायचे पेव्हरने, टिपरने नाही. टिपरने मागे येऊन धडक दिली की तो धक्का बाहूंतून स्क्रीडपर्यंत जातो आणि थरावर आडवी रेघ उमटते. हौदा थोडा उचलून, माल मागच्या फाळक्याला सरकल्यावर मग फाळका उघडायचा, म्हणजे माल एकत्र येतो. तसे न करता फाळका आधी उघडला तर जाड खडी आधी घरंगळते.

आणि थोडा माल हॉपरच्या बाहेर, पेव्हरच्या ट्रॅकपुढे सांडतो. इथून पुढचे पाहण्यासारखे आहे. त्या सांडलेल्या ढिगावरून ट्रॅक गेला की ट्रॅक्टर एका बाजूने उचलला जातो, त्याबरोबर बाहूचे टोक उचलले जाते आणि थरात उंचवटा येतो. ऑपरेटरला ते माहीत असते. म्हणून तो ओरडतो आणि एक मजूर फावडे घेऊन टिपरचे चाक आणि पेव्हरचा ट्रॅक यांच्यामधल्या फटीत वाकतो. तो तिथे उद्धटपणामुळे किंवा बेफिकिरीमुळे गेलेला नसतो. चांगल्या रस्त्यासाठी गेलेला असतो. त्या क्षणी पुढच्या ड्रायव्हरला तो दिसत नाही, वरच्या ऑपरेटरला हॉपरच्या कडेमुळे अर्धाच दिसतो.

टोपी आणि जॅकेट घालून हा धोका कमी होत नाही. माणसाला त्या फटीत जावेच लागू नये, याची व्यवस्था करावी लागते. हॉपरच्या पुढच्या रबरी पट्ट्या फाटलेल्या असतील तर बदलायच्या. वीस टनांच्या टिपरचा शेवटचा माल हॉपरमध्ये मावत नसेल तर हौदा टप्प्याटप्प्याने उचलायचा. आणि तरी सांडलाच तर पेव्हर थांबवायचा, टिपर पुढे काढायचा, मग साफ करायचे. एक थांबा म्हणजे एक उंचवटा, हे मान्य करून. मोठ्या कामांत पेव्हरच्या पुढे वेगळा मोबाइल फीडर चालवतात. तो टिपरमधून माल घेऊन हॉपरमध्ये सोडतो, त्यामुळे टिपर पेव्हरला लागतच नाही. धक्का टळतो, सांड कमी होते, टिपर बदलताना पेव्हर चालू राहतो. ताशी ३४७ टनांच्या सरासरीला असे काही नसेल तर हिशेब जुळवणे फार अवघड. मात्र फीडर आला म्हणजे रिव्हर्स घेणारा टिपर गेला असे नव्हे, तो दहा-पंधरा मीटर पुढे सरकला एवढेच.

रिव्हर्स घेताना इशारा एकच माणूस देणार, आणि तो ड्रायव्हरच्या आरशात दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की टिपर जागीच उभा. हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो आणि तिसऱ्या तासाला मोडतो, कारण इशारा देणाराच टॅकच्या कडेचा दगड उचलायला किंवा फाळक्याची साखळी सोडवायला जातो. त्याला दुसरे काम द्यायचे नाही. हात मोकळे, बस्स. पाहणाऱ्याला तो रिकामटेकडा वाटेल, वाटू दे.

आणि वर पाहायचे. आपल्या महामार्गांवर गावाजवळ अकरा केव्हीच्या तारा रस्ता ओलांडतात. हौदा पूर्ण उचलून तसाच पुढे निघालेला टिपर हा वीजवाहिनीचा अपघात जन्माला घालणारा नेहमीचा प्रसंग. आदल्या दिवशी संपूर्ण लांबी चालून प्रत्येक ओलांडणी चुन्याने रस्त्यावर खूण करून ठेवावी. त्या खुणांमध्ये हौदा उचलायचा नाही. फीडर वापरत नसाल तर पेव्हरने त्या टप्प्यापुरता हॉपरमधलाच माल वापरायचा.

साइटवरची भाषा मराठी-हिंदीची खिचडी असते. ऑपरेटर बहुधा बिहार-झारखंडकडचा, टिपरवाले कुठलेही, झाडणारे जवळच्या गावचे. इंग्रजीत छापलेला सुरक्षा फलक कोणीही वाचत नाही. सकाळी पाच मिनिटे सगळ्यांना उभे करून, हाताच्या इशाऱ्यांची एकच पद्धत करून दाखवणे त्या फलकापेक्षा शंभर पटीने उपयोगी पडते. ‘हॉर्न एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे पुढे, तीनदा म्हणजे मागे’ ही ओळ कामाच्या ठिकाणी ठरवून पाठ करायची. दुसऱ्या साइटवर वेगळी असेल, तरी हरकत नाही.

नवतपा, रात्र, रोलर

३ जून म्हणजे नवतपा, उन्हाळ्यातले ते सर्वांत तापलेले नऊ दिवस, नुकताच सरलेला. त्या दिवसांत विदर्भात पारा चाळिशीच्या वर जाणे नेहमीचे. मालाला हे सोयीचे: तो सावकाश थंड होतो आणि रोलरला वेळ मिळतो. पण थर मऊही जास्त वेळ राहतो, आणि त्यावर लवकर वाहतूक सोडली की चाकोऱ्या पडतात.

माणसांचे उलट. स्क्रीडच्या मागे चालणाऱ्याला वरून ऊन, खालून दीडशे अंशांचा माल, पुढून इंजिनची झळ. अशा जागी चक्कर येऊन पडणारा माणूस गरम थरावरच पडतो. म्हणून स्क्रीडवरची माणसे दुपारी वारंवार बदलायची, पाणी आणि मिठा-साखरेचे पाणी यंत्राबरोबर चालले पाहिजे, तंबूत नव्हे. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. नायलॉन वितळून कातडीला चिकटते. चपला घालून आलेल्याला परत पाठवण्यापेक्षा बूट देणे सोपे. भाजलेच, तर चिकटलेले डांबर ओढून काढायचे नाही आणि त्यावर रॉकेल-डिझेलही ओतायचे नाही. भरपूर साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरून डॉक्टरकडे न्यायचे.

रात्री वेगळाच प्रश्न. पेव्हरवरचे दिवे स्क्रीड उजळतात, पण त्यांच्या झगमगाटात मागून येणारा रोलर काळोखात बुडतो. डेप्थ पाहायला, कड सारखी करायला माणसे नेमकी पेव्हर आणि पहिला रोलर यांच्यामध्ये असतात, त्यांची पाठ रोलरकडे. रोलरचालकाला आपल्या ड्रमपुढचा भाग दिसत नाही, आणि थर गरम असेतो दाबायचा म्हणून तो पेव्हरच्या जितका जवळ जाईल तितके त्याचे काम चांगले. गुणवत्ता पुन्हा माणसालाच कोपऱ्यात ढकलते. उपाय साधा आहे: पेव्हरमागच्या ठरावीक अंतरावर कडेला दोन शंकू. ते पेव्हरबरोबर पुढे सरकवायचे, आणि रोलर त्यांच्या पुढे येणार नाही.

थांबायचे कधी

विनिर्देश सांगतात की पृष्ठभागावर पाणी साचले असेल, पाऊस-धुके-धुळीचे वादळ असेल, हवेचे तापमान १० अंशांच्या खाली असेल किंवा वारा ताशी ४० किलोमीटरच्या वर असेल तर थर टाकायचा नाही. जूनच्या विदर्भात यातले थंडीचे कलम सोडा. वळवाचे वादळ मात्र अर्ध्या तासात येते. तेव्हा रस्त्यावर भरलेले किती टिपर आहेत यावर सगळे ठरते. माल तयार करणाऱ्या प्लांटला फोन कोणी करायचा हे आधी ठरले नसेल, तर पाऊस सुरू झाल्यावरही टिपर भरून निघत राहतात, आणि मग ‘माल वाया कशाला घालवायचा’ म्हणून ओल्या रस्त्यावर टाकला जातो.

थांबणे लांबणार असे दिसले तर हॉपर तळापर्यंत रिकामा करू नये, तिसरा हिस्सा तरी माल राहू द्यावा. तळाचा थंड, जाड माल स्क्रीडखाली गेला की तो डाग कायमचा. थांबा इतका लांबला की स्क्रीडपुढचा माल हद्दीखाली थंड झाला, तर चालढकल न करता सरळ उभा सांधा कापून नव्याने सुरुवात करायची.

हे सगळे चार-पाच किलोमीटरच्या जिल्हा मार्गाला कसे लावायचे? तिथे प्लांट एकच असतो, ताशी ८० टनांचा समजा. त्याच जाडीच्या आणि रुंदीच्या थराला तासाला १६४ मीटर, म्हणजे मिनिटाला २.७ मीटर. २० टनांचा टिपर पंधरा मिनिटांना एक. प्रत्यक्षात ऑपरेटर ६ मीटरने चालवतो, सात मिनिटांत टिपर संपवतो आणि आठ मिनिटे उभा राहतो. दिवसभरात तीस-चाळीस उंचवटे, तितक्याच वेळा घाईत रिव्हर्स, तितक्याच वेळा कोणीतरी फावडे घेऊन आत. सकाळी पहिल्या टिपरआधी प्लांटवरच्या माणसाला फोन करून आजचा दर विचारावा, कागदावर हा एक भागाकार करावा, आणि डायल २.७ वर लावून ऑपरेटरला सांगावे की आज यापुढे हात लावायचा नाही, उस्ताद.